लाल दिव्यावरची टिकली

९ सप्टेंबर, मंगळवार

नाही गो बाय, इन्व्हर्टर नाही. इन्व्हर्टर पंख्याला नि ट्यूबलाइटला. हा यूपीएस. वीज गेली तरी कॉम्प्युटरला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. नवरा पिऊन आला तरी सासूला कळू न देणारी सून असते ना, तसा.

एवढं फोड करून सांगितलं तरी शेजारची शकु विचारते, "पण मथुरे, त्याच्यावर टीव्ही चालेल का?" तिला वीज गेल्याचं दुःख नाही, मालिका चुकल्याचं आहे. मी म्हटलं, चालेल, पण त्यात फक्त बातम्या दिसतात. तिने खरं मानलं. रात्रीपर्यंत चाळभर झालं असेल.

गोष्ट अशी की काल दुपारी वीज गेली आणि लगेच आली. डोळ्याची पापणी लवावी तेवढीच. पण तेवढ्यात कल्पिताचा कॉम्प्युटर बंद पडला आणि दोन दिवसांच्या लाटा बुडाल्या.

कल्पिता माझी पोरगी. सत्तावीस वर्षांची. सिनेमासाठी समुद्र बनवते. मी देवगडची, समुद्र बघत सातवीपर्यंत शाळेत गेले, पुढे शाळा नव्हती, समुद्र होता. आणि माझी पोरगी घाटकोपरला आसल्फाच्या डोंगरावर बसून समुद्र बनवते, ज्यात औषधाला एक बांगडा नाही. एकेक लाट कॉम्प्युटरमध्ये तासन् तास शिजते. मध्येच वीज गेली की अर्धकच्ची फुकट, पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्युटर तिचा नाही, स्टुडिओचा. लोखंडी डबा, एका बाजूला काच, आत लाल-हिरवे दिवे, अगदी गणपतीच्या मखरासारखा. मोरीजवळच्या कोपऱ्यात ठेवलाय, तिथेच जागा होती. पूर्वी तिथे कपडे धुवायचं मशीन होतं. ते मी भंगारात दिलं. मशीन कपडे धूत नाही, फाडतं.

स्टुडिओचा चंद्रप्रकाश म्हणून साहेब आहे, त्याचा फोन आला होता. चार ऑक्टोबरला सगळा समुद्र हवा. पुन्हा असं झालं तर मशीन परत नेणार आणि काम दुसऱ्याला देणार. आणि वेळेत दिला तर कल्पिताला पक्की नोकरी. फोन ठेवल्यावर पोरगी जेवली नाही.

तिचं म्हणणं, उद्याच यूपीएस आणू. मी म्हटलं, पितृपक्ष आहे, नवीन वस्तू घरात येत नाही. घटस्थापनेला आणू.

"मग वीजवाल्यांना सांग ना, पितृपक्षात वीज घालवू नका."

"सांगितलं असतं, पण त्यांचे पितर वेगळे."

हसली नाही. ही वही ह्यांची आहे, माझ्या नवऱ्याची. पुढून ह्यांच्या वायरिंगच्या आकृत्या, मागून मी लिहिते. साकीनाक्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं वायरमन होते. ह्या चाळीतल्या आठही खोल्यांची वायरिंग ह्यांच्या हातची. चार वर्षं झाली जाऊन.

११ सप्टेंबर, गुरुवार

घ्यायचं नाही, पण बघायला काय हरकत. घाटकोपर स्टेशनजवळ केयूरचं दुकान आहे, तिथे गेलो. पोरगा गुजराती, मराठी बरं बोलतो, मला मासी म्हणतो. कल्पिताला काही म्हणत नाही, नुसतं बघतो. ही पहिली संशयाची गोष्ट.

एक डबा दाखवून म्हणाला, हा पंधराशे व्हीए. मी म्हटलं, म्हणजे पंधराशे वॉट? म्हणे नाही, वॉट नऊशेच.

"मग सहाशे कोणी खाल्ले?"

त्याने समजावायला घेतलं, पण मला केव्हाच समजलं होतं. कोळीण टोपलीसकट तोलते आणि वजन मासळीचं सांगते. व्हीए म्हणजे टोपलीसकट, वॉट म्हणजे नुसती मासळी. हे ऐकून तो इतका हसला की दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. म्हणाला, मासी, आता मी सगळ्यांना असंच सांगणार.

कल्पिताचा डबा पूर्ण जोरात असला की आठशेच्या आसपास मासळी खातो. म्हणजे दोन हजारवाला हवा. त्यातही दोन जाती. एक झोपून असतो, वीज गेली की दचकून उठतो. दुसरा झोपतच नाही, चोवीस तास वीज स्वतःच्या पोटातून पाठवतो. केयूर म्हणाला, पहिला स्वस्त आहे, तुमचा कॉम्प्युटर तेवढा दम धरतो, पुरेल. ही दुसरी संशयाची गोष्ट. जो दुकानदार महाग वस्तू घेऊ नका म्हणतो त्याच्या मनात विक्रीशिवाय काहीतरी आहे. मी म्हटलं, न झोपणारा दाखव. आमच्या घरात कोणीतरी जागं पाहिजे.

मग बॅटरीचं वय विचारलं. पापलेटचे कल्ले उघडल्याशिवाय मी घेत नाही. त्याने खोक्यावरचा महिना दाखवला. मी म्हटलं, खोकं नवं, आतली बॅटरी तुझ्या आजीच्या वेळची असेल. कल्पिता माझा दंड दाबत होती.

निघताना त्याने सहज विचारलं, "मासी, घरात अर्थिंग नीट आहे ना?"

मी म्हटलं, आमचे हे वायरमन होते. विषय संपला.

१२ सप्टेंबर

काल परतताना रिक्षात कल्पिता मला विचारते, तू त्याच्यावर एवढी का खेकसलीस. मी कुठे खेकसले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांचं श्राद्ध. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी. जयवंत आला होता. ह्यांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याचंच साकीनाक्याला छोटं वर्कशॉप आहे. दरवर्षी न बोलावता येतो आणि पोटभर जेवतो, म्हणून मला आवडतो.

पान गच्चीवर ठेवलं तर कावळा शिवेना. समोरच्या पत्र्यावर तीन बसलेले, मान वाकडी करून आम्हाला बघतात, उतरत नाहीत. शकु म्हणाली, तुळशीभाऊंच्या मनात काहीतरी राहिलंय, बोल काहीतरी. मी म्हटलं, कल्पिताचं लग्न करीन. नाही. गावच्या घराचे पत्रे बदलीन. नाही. शकु म्हणाली, दुसरं काही असेल. मग मी जवळ जाऊन तोंडातल्या तोंडात बोलले आणि मागे सरले. आला, वडा उचलला, गेला.

शकुने विचारलं, काय गं म्हणालीस? म्हटलं, त्याला सांगितलं, खा लवकर, नाहीतर शकु खाईल.

जेवताना जयवंत म्हणाला, वहिनी, चाळीची लाइन एकदा तपासायला हवी, पंचवीस वर्षं झाली. तुळशीभाऊंची एक वही होती, त्यात आठही खोल्यांची आकृती होती, ती सापडेल का. म्हटलं, रद्दीत गेली. त्याला आणखी दोन वडे वाढले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कल्पिता म्हणते डब्याला हात लावला की मुंग्या येतात. म्हटलं, चपला घालून बस.

आमच्या घरात फ्रिजच्या चपला वेगळ्या आहेत. निळ्या, रबरी. फ्रिज उघडायचा तर आधी त्या पायात. प्रत्येक घराची एक रीत असते. कोणी उंबऱ्याला पाय लावत नाही, आम्ही फ्रिजला अनवाणी हात लावत नाही.

पण मी एक गोष्ट हेरली. मुंग्या दिवसभर येत नाहीत, जोरात येतात त्या सकाळी पावणेआठला. आणि पावणेआठला शकु बादलीत गरम पाण्याचा रॉड घालते. तिची सून दीप्ती सातव्या महिन्यात आहे, तिच्यासाठी रोज दोन बादल्या. तिचा रॉड चालू, इकडे आमच्याकडे मुंग्या. तिचा रॉड बंद, मुंग्या कमी. तीन दिवस मी दारात तांदूळ निवडायला बसले, तांदळात एक खडा नव्हता तरी. तिन्ही दिवस तेच.

म्हणजे शकु आमच्या लाइनवर आकडा टाकून वीज चोरते. दुसरं काय असणार?

आज पावणेआठलाच कढीपत्ता मागायच्या निमित्ताने तिच्या मोरीपर्यंत गेले. भिंतभर नजर फिरवली, चोरीची वायर काही दिसली नाही. स्टीलची बादली, त्यात रॉड, आणि शकु रबरी चपला घालून उभी. मी म्हटलं, तूही घरात चपला घालतेस?

म्हणाली, "तूच ना गं सांगितलंस सगळ्या बायकांना? तुळशीभाऊ गेल्यावर. फरशी थंड असते, संधिवात होतो, मोरीत नि फ्रिजपाशी रबरी चपला घाला म्हणून. तेव्हापासून अख्खी चाळ घालते."

मी विसरलेच होते. कढीपत्ता घेऊन आले. चांगला आहे, कोवळा.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. यूपीएस आला. केयूर स्वतः खांद्यावर घालून डोंगराच्या पायऱ्या चढला, वीस-बावीस किलो तरी असेल. माणूस पाठवला असता तर चालला असता. ही तिसरी संशयाची गोष्ट. घामाघूम झाला होता, पाणी हवं म्हणून फ्रिजकडे वळला. कल्पिताने बसल्या जागेवरून सांगितलं, "आधी चपला घाल." त्याने चपलांकडे बघितलं, मग फ्रिजकडे, मग माझ्याकडे. पाणी न पिताच परत आला.

मी त्याच्याकडून खोकं उघडून घेतलं, बॅटरीवरचा महिना वाचला. जुलै. ताजी आहे. जोडला. हिरवा दिवा लागला आणि त्याच्या शेजारी एक लाल.

"हा का?"

तो पुस्तक चाळायला लागला. मी म्हटलं, पुस्तक नको चाळू, वापरलेला माल आणलायस तू, कोणीतरी परत केलेला. उचल. बिचारा बावीस किलो घेऊन पुन्हा पायऱ्या उतरला.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुसरा आणला. माझ्यासमोर सील तोडलं. पुन्हा लाल दिवा.

ह्या वेळी तो खिशातून टेस्टर काढून भिंतीतल्या प्लगशी बसला. बराच वेळ. मग उठून मला म्हणाला, "मासी, डबा चांगला आहे. तुमच्या भिंतीत अर्थ नाही. तिसऱ्या भोकात वायर आहे, पण ती जमिनीपर्यंत जात नाहीये."

कल्पिताने विचारलं, त्याने काय होतं. त्याने सांगितलं. एखादी वायर आत फुटली आणि करंट डब्यावर आला, तर त्याला जमिनीत जायची वाट हवी. वाट नसेल तर तो डब्यावर बसून राहतो, कोणीतरी हात लावेपर्यंत. लाल दिवा म्हणजे यूपीएस ओरडून हेच सांगतोय. असं असताना कंपनी गॅरंटी देत नाही, आणि गॅरंटीचं राहू दे, त्यालाच तो इथे ठेवून जायला बरं वाटत नाही. चांगला वायरमन बोलवा म्हणाला.

मी म्हटलं, चांगला वायरमन बोलावूनच हे घर केलंय. माझ्या मेलेल्या माणसाला नावं ठेवायला तुला पायऱ्या चढून यायचं कारण नव्हतं. डबा ठेव आणि नीघ.

तो गेला. जाताना मला नमस्कार करून गेला, मेला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कल्पिता म्हणाली, जयवंतकाकांना बोलवूया. मी म्हटलं, नवरात्रात भिंती फोडायच्या नाहीत. असं कुठे लिहिलंय म्हणाली. म्हटलं, मी सांगतेय ते लिहून घे.

२५ सप्टेंबर

लाल दिवा डोळ्यात खुपतो. देवापुढे बसले तरी नजर तिकडेच. कल्पिताच्या पाकिटातली काळी टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. आता बरं दिसतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुपारी वीज गेली ती पस्तीस मिनिटं. शकुची मालिका गेली, गिरणीतलं दळण अडकलं, आणि आमचा डबा हूं की चूं न करता चालू. कल्पिता खुर्चीच्या टोकावर बसून आकडे बघत होती, बॅटरी ऐंशी, साठ, चाळीस. मी तिच्या मागे उभी, चपला घालून. वीज आली तेव्हा पोरीने मला मिठी मारली. म्हणाली, आई, एक लाट बुडाली नाही.

मग? मी म्हटलं ना, काही झालेलं नाही घराला. घेतला तो चांगलाच घेतला. तो केयूर उगाच घाबरवतो, पुन्हा पुन्हा यायला निमित्त हवं म्हणून.

तिने टिकली बघितली. "ही कोणी लावली?" म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून. तिने काढली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. ह्यांचा टेस्टर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडते दरवर्षी. कल्पिता म्हणाली माझंही हत्यार आहे, माझ्या डब्याचीही करू. छान वाटलं मला. झेंडूचं तोरण केलं. कल्पिता सकाळी लवकर नाहली, केस ओले, पाय ओले. आणि पूजेला चपला घालून कोण बसतं? तिने काढून ठेवल्या. मी बघितलं. मी बघितलं आणि सणाच्या दिवशी काही बोलले नाही.

पावणेआठ वाजले होते.

तिने ओल्या बोटावर हळद घेतली, डब्याच्या लोखंडाला लावली. कुंकू घेतलं. दुसऱ्या बोटाने टेकवलं आणि हात तिथेच राहिला. ओरडली नाही. ओरडताच येत नाही. दात गच्च, मान मागे, डोळे माझ्याकडे.

मी पाट उचलला. ह्यांची हत्यारं खाली सांडली. पाटाने तिच्या कोपरावर मारलं, जोर लावून, एकदा, दोनदा. सुटली. झेंडूच्या पाटीत पडली आणि रडायला लागली. ती रडली तेव्हा मी खाली बसले.

दोन बोटं भाजलीत, कोपराला टेंगूळ आलंय माझ्या मारण्याने. डॉक्टरने छातीचा कार्डिओग्राम काढला, ठीक आहे म्हणाला, नशीबवान म्हणाला. आम्ही घरी आलो तेव्हा डबा चालूच होता. पडद्यावर लाटा येत होत्या, जात होत्या.

मोबाइल उचलून तिने आधी जयवंतला लावला आणि मग केयूरला. मला विचारलं नाही.

मग माझ्याजवळ बसली. "आई, कोणीही आधी मेन बंद करायला धावतं. तू तिकडे बघितलंसुद्धा नाहीस."

म्हटलं, घाईत सुचलं नाही.

"आणि पाट बरा सुचला?"

मी चहा ठेवायला उठले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी अकराला कल्पिताच्या लाटा संपल्या. एका हाताने तिने त्या स्टुडिओला पाठवल्या. चंद्रप्रकाश साहेबाचा फोन आला, झकास म्हणाला. तिने नुसतं हो हो केलं.

मग जयवंतने लाइन बंद केली आणि चाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. केयूर त्याच्यामागे शिडी धरून. दोन तास. मग मला आणि कल्पिताला नळाजवळ नेलं. म्हणाला, आठही खोल्यांच्या अर्थच्या वायरी एकत्र करून इथे पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधल्या होत्या. पाइप जमिनीत जायचा, तेव्हा चालायचं. मग पाइप प्लॅस्टिकचा टाकला. वायरी तशाच लोंबकळत राहिल्या.

कल्पिता म्हणाली, पण शकुमावशीचा रॉड आणि आमचा डबा, ह्यांचा काय संबंध.

"मोरीचं समज," जयवंत म्हणाला. "आठ घरांच्या मोऱ्या एका गटाराला जोडल्यात. गटाराचं तोंड बुजलं तर एकाच्या घरचं पाणी कुठे जाईल? सगळ्यांच्या मोरीतून वर येईल. शकुवहिनींचा रॉड फुटलाय. त्याचा करंट जमिनीत जायच्या ऐवजी आठही घरांतल्या लोखंडावर फिरतो. तुमचा फ्रिज, तुमचा डबा, सगळीकडे. म्हणून तर आपल्या घरातला मेन बंद केला तरी उपयोग नसतो. तो येतो दुसऱ्याच्या घरातून."



जयवंत मला म्हणाला, वहिनी, आता कुठली वायर कुठे गेलीय ते कळायला ती वही असती तर. मी घरात गेले आणि ही वही आणून त्याच्या हातात दिली. रद्दीत गेलेली. त्याने चाळीच्या आकृतीचं पान उघडलं, मोबाइलने फोटो काढला. पाइपाच्या जागी ह्यांनी पेनाने फुली मारलीय आणि बाजूला लिहिलंय, जमिनीत पट्टी पुरणे. खाली तारीख. जयवंतने तारीख वाचली, कल्पितानेही वाचली. सहा वर्षांपूर्वीची. जयवंतने वही मिटून मला परत दिली.

शकुने चोरी केली नव्हती. हे लिहून ठेवते, कारण मी चार बायकांना तसं सांगितलं होतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

चाळीमागे खड्डा खणला. सगळा खडक. ह्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते, ह्यांना खणवलं नसतं. दोन माणसं लावली तरी दुपार झाली. केयूरने तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ सगळं आणून दिलं. मी त्याला घरात बोलावून चहा दिला, वर पोहे. म्हटलं, तुझ्यावर मला अजून संशय आहे, पण आता वेगळ्या गोष्टीचा. कान लाल झाले पोराचे. कल्पिता भांडी घासायला निघून गेली, भांडी घासलेली होती तरी.

जयवंतने पट्टी पुरली, वायरी जोडल्या, लाइन चालू केली. कल्पिताने मला हाक मारली. डब्यापाशी गेले. तिने यूपीएसवरची टिकली नखाने काढली. खाली दिवा विझलेला.

चाळीतली सगळी माणसं खड्ड्याभोवती जमली होती. दीप्ती पोटावर हात ठेवून खुर्चीत. जयवंत सगळ्यांना तेच मोरीचं उदाहरण देत होता. तुळशीभाऊंचं नाव त्याने घेतलं नाही. पाइपवाल्यांनी न सांगता पाइप बदलला, एवढंच म्हणाला. चांगला आहे तो. मी तेवढ्यावर घरी येऊ शकले असते. वळलेही होते.

मग शकु मोठ्याने म्हणाली, "आज तुळशीभाऊ असते ना, तर ही वेळच आली नसती. पोरीला असं झालंच नसतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. कल्पिता माझ्याकडे बघत होती. दुखऱ्या कोपरावर हात ठेवून.

मी म्हटलं, "शकु, ह्यांना अटॅक आला नव्हता. कपडे धुवायच्या मशीनला चिकटून गेले. मी मेन बंद केला, तरी सुटले नाहीत. पाटाने सोडवले तेव्हा संपले होते. वायरमन करंट लागून मेला म्हणून लोक हसतील, म्हणून डॉक्टरला छातीत दुखत होतं असं मी सांगितलं. पाइप बदलला त्याच संध्याकाळी हे मला म्हणाले होते की आठही घरांचा अर्थ तुटला. दिवाळीला पट्टी पुरतो, तोवर कुणाला बोलू नको. दोन दिवाळ्या गेल्या. मी बोलले नाही. हे गेल्यावरही बोलले नाही, श्राद्धाला कावळ्यालाही तेच वचन दिलं. मला सहा वर्षं माहीत होतं, आणि मी तुम्हाला नुसत्या चपला घालायला सांगितल्या."